दूरदृष्टीचा माणूस

डोळ्यांत थेंब घालून बाकावर बसवलेल्या माणसाची चेष्टा करू नये, एवढं तारतम्य जगात उरलेलं नाही. शेजारच्या काकांनी माझ्या मांडीवरचा कागद न विचारता उचलला, हातभर लांब धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला: "दूरदृष्टिता! प्लस एक!" मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता शाल-श्रीफळच यायचं आहे.

"वा! मग त्या भिंतीवर कितवा नंबर चाललाय, सांगा बरं."

"दिसत नाही."

"दूरदृष्टी असून?"

"थेंब घातलेत ना, काका."

"थेंब मलाही घातलेत. मला बावीस दिसतोय."

हे खरं होतं, आणि राग त्याचाच आला. काकांना फक्त वाचायला चष्मा लागतो. त्यांच्या डोळ्यातलं भिंग वयानं ताठ झालंय. थेंबांनी त्यांचं जाणार ते काय? माझं मात्र सगळं दुकान त्या एका भिंगावर चालतं. डोळ्याची लांबी साधारण २४ मिलिमीटर असावी लागते. ती एका मिलिमीटरनं कमी पडली, की सुमारे प्लस ३ नंबर येतो, कारण प्रतिमा डोळ्यातल्या पडद्यावर जुळायच्या ऐवजी त्याच्या मागे जुळू पाहते. तिला पुढे ओढायला आतला स्नायू भिंग फुगवतो. लांबचं बघतानाही फुगवतो! म्हणजे 'लांबचं छान दिसतं' ही ख्याती दिवसभराच्या बिनपगारी मजुरीवर उभी आहे. थेंबांनी तो मजूर झोपवला, की लांबचंही गेलं आणि जवळचंही.

हे मी काकांना समजावलं. शांतपणे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे चाळिशीच की!"

नाही हो! चाळिशीत डोळ्याची लांबी बरोबर असते, भिंग दमतं. इथे डोळाच आखूड, बहुधा जन्मापासून. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे नेदरलँड्समधल्या युट्रेक्टचे नेत्रतज्ज्ञ डोंडर्स यांनी १८६४ साली आख्खा ग्रंथ लिहून मांडलं. बाकापर्यंत यायला त्याला वेळ लागतोय, इतकंच.

तसा दोष काकांचा कमी, शब्दाचा जास्त. 'दूरदृष्टी' म्हटलं की डोळ्यांपुढे पुतळाच येतो; त्याला '-ता' जोडून आजार करायचं कुणाला सुचलं? त्यात पाठ्यपुस्तक नाव देतं जे दिसतं त्यावरून, आणि आपण बोलतो जे दिसत नाही त्यावरून. त्यामुळे निकटदृष्टिता असलेल्याला 'लांबचा नंबर' आणि दूरदृष्टिता असलेल्याला 'जवळचा'. फोनवर कुणाला एकदा सांगून बघा. त्यापेक्षा चष्मा हातात धरून छापील अक्षरांवर डावी-उजवीकडे हलवावा: अक्षरं उलट्या दिशेनं सरकली तर प्लस, चष्म्याबरोबर सरकली तर मायनस. भिंगाला मराठीचा घोळ कळत नाही.

या नावापायी मुलंही सुटून जातात. प्लस ३ वालं पोर स्नायूच्या जोरावर तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचतं. सगळे म्हणतात, डोळे उत्तम! मग ते पुस्तकाला कंटाळतं, कपाळ चोळतं, एखाद्याचा डोळा नाकाकडे वळू लागतो, कारण भिंग फुगवण्याची आणि डोळे आत वळवण्याची दोरी एकच. तेव्हा त्याला आळशी ठरवतात. प्लस २ चं भिंग लावूनही लांबची ओळ स्पष्ट वाचली, तर संशय घ्यावा, इतकी सोपी युक्ती आहे. तक्ता वाचला की पास, ही घाई कुणाच्या सोयीची, देव जाणे.

तेवढ्यात माझा डोळा यंत्रासमोर गेला. थेंबांआधीचा नंबर प्लस १. आता निघाला प्लस २.५. मधला दीड स्नायूनं दडवला होता. चाळीस सेंटिमीटरवरचं वाचायला सगळ्यांनाच अडीचाचा जोर लागतो. मी अडीच अधिक अडीच, पाचाचा लावत होतो, आणि संध्याकाळच्या डोकेदुखीचं खापर फोनवर फोडत होतो.

चष्म्याचा आकडा आज नाही, थेंब उतरल्यावर पुन्हा तपासून, असं सांगून मला परत बाकावर बसवलं. काकांनी नवा आकडा वाचला.

"प्लस अडीच! वाढली हो तुमची दूरदृष्टी, अर्ध्या तासात!"

मग भिंतीकडे बघून, "तेवीस. तुमचाच ना? जा, आत बोलावतायत. दार डावीकडे आहे."