अक्षरी रुपये फक्त

बिलाच्या तळाशी ‘अक्षरी रुपये’ अशी एक ओळ असते. आकड्यात एखादं शून्य गुपचूप वाढवता येतं, अक्षरांत ते जमत नाही, म्हणून ती. आमच्या एका गिऱ्हाइकाचे हिशेबनीस काका म्हणाले, “प्रोग्रॅम झकास झालाय. तेवढी अक्षरी रक्कम टाका की. पाच मिनिटांचं तर काम.”

“हो काका, त्याला तयार लायब्ररी असेल.”

असते. अडचण तीच आहे. एनपीएम या तयार कोडच्या ऑनलाइन कोठारात वीस लाखांहून जास्त पॅकेजेस, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमला जोडता येणाऱ्या लायब्ररी, आहेत. तिथे कुणीही फुकटात पॅकेज टाकू शकतो, आणि जगात ‘कुणीही’ या वर्गात मोडणारी माणसं फार आहेत. संख्या सम आहे का हे सांगायला तिथे ‘इज-ईव्हन’ नावाचं पॅकेज आहे. ते स्वतः काही ठरवत नाही, ‘इज-ऑड’ला विचारतं. ‘इज-ऑड’ पुन्हा ‘इज-नंबर’ला विचारतं. आपण एकाला जेवायला बोलवावं आणि त्यानं मेहुण्याला, मेहुण्यानं साडूला घेऊन यावं, तसा प्रकार.

तर ‘नंबर’, ‘वर्ड्स’ असे शब्द टाकून शोधलं. एकसारख्या नावांची रांगच आली. कुणाच्या नावात अनेकवचन, कुणाच्या नावात जोडचिन्ह, कुणी मधल्या ‘टू’साठी सरळ २ हा आकडा वापरलेला. हे जोडचिन्ह साधं नव्हे. २०१७ मध्ये ‘क्रॉस-एन्व्ह’ या चांगल्या पॅकेजच्या नावातलं जोडचिन्ह गाळून कुणीतरी भलतंच पॅकेज ठेवलं होतं. ते बसवणाऱ्याच्या मशीनवरची गुपितं परस्पर बाहेर पाठवायचं. तेव्हापासून मी पॅकेजचं नाव बँकेचा आयएफएससी कोड वाचावा तसं वाचतो.

मग आठवड्याचे डाउनलोड बघायचे. त्यातही माणसं किती आणि रात्रंदिवस तेच ते उतरवून घेऊन प्रोग्रॅम जुळवणारे बिल्ड सर्व्हर किती, कळत नाही. शेवटची आवृत्ती सात वर्षांपूर्वीची असेल, तर पॅकेज परिपूर्ण आहे की बेवारस? इश्यूंमध्ये, म्हणजे पॅकेजच्या तक्रारवहीत, डोकावलं की हाच प्रश्न कुणीतरी विचारलेला असतो. खाली अंगठ्यांची रास. उत्तर नाही.

हे सगळं सोडून स्वतःच लिहावं, असं कुणीही म्हणेल. मार्च २०१६ मध्ये तर सगळेच म्हणाले. ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचं पॅकेज. मजकुराच्या डावीकडे हवी तेवढी शून्यं किंवा मोकळ्या जागा भरणं एवढंच त्याचं काम. दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाजलं, लेखकानं रागानं आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली आणि जगभरचे बिल्ड धडाधड कोसळले. त्यानंतर सगळ्यांनी कानाला खडा लावला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पॅकेजेस शोधायला लागले.

पहिल्या लायब्ररीला सव्वा लाख दिले तर ती ‘वन हंड्रेड ट्वेंटी फाइव्ह थाउजंड’ म्हणाली. लाख-कोटी समजणारी दुसरी सापडली. काका म्हणाले, “इंग्रजीत? आमचं बिल मराठीत असतं हो.”

मराठीत एक ते नव्व्याण्णव आकड्यांना नियम लावायची सोय नाही. प्रत्येकाचं नाव वेगळं, पाठच करायचं. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आणलं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं टिंगल केली. मी टाळ्या वाजवल्या होत्या. चार ओळींत काम झालं असतं! पण ‘वीस एक हजार फक्त’ असं बिल फाडायची हिंमत माझ्यात नाही.

शेवटी मराठी येतं म्हणणारी एक लायब्ररी मिळाली. एकपासून नव्व्याण्णवपर्यंत तपासून घेतली. ‘अठ्ठ्याहत्तर’मध्ये किती ठ, यावर घरात दोन तट पडले आणि आईचा तट जिंकला. मग १,२५० चं बिल काढून काकांना पाठवलं.

“एक हजार दोनशे पन्नास? आम्ही बाराशे पन्नास लिहितो.”

मी नम्रपणे इश्यू टाकला. लायब्ररी सांभाळणाऱ्या मेंटेनरचं दोन शब्दांचं उत्तर आलं: ‘पीआर वेलकम’. पीआर म्हणजे आपण करून पाठवलेली दुरुस्ती. म्हणजे, तूच कर. काकांना कळवलं, वरिष्ठ पातळीवर पत्रव्यवहार सुरू आहे. ते सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना लगेच पटलं.