गाळ साचून नाही, टोपी फाटून
हार्ट अटॅकवरच्या तुमच्या लेखात लिहिलंय, पाइपात गाळ बसतो तशी हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबी बसते, पण ते अर्धंच खरं आहे हो. एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या अस्तराखाली, भिंतीतच शिरतं, तिथं पांढऱ्या पेशी ते खाऊन फुगतात, सूज येते आणि त्या साठ्यावर पातळ टोपी धरते. ती फाटली की प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) धावतात, फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं पडतं आणि गुठळी होते, म्हणून निम्मीसुद्धा न चोंदलेली नळी कधीकधी एकदम बंद पडते. आमच्याकडे मालवणात माणसं बांगड्याच्या आमटीतला नारळ सोडतात पण मशेरी सोडत नाहीत, तंबाखूनं ते अस्तरच बिघडतं हे कृपया लेखात घाला. आणि छातीत दाब येऊन घाम फुटला तर सोडा पाजत बसू नका, तडक ईसीजी काढा.