पायलटचं उदाहरण देऊन आम्हाला घरी बसवू नका

जुलै २०२४ मध्ये तेलंगणातल्या वरिष्ठ सनदी अधिकारी स्मिता सभरवाल यांनी एक्सवर जाहीर प्रश्न विचारला. विमान कंपनी अपंग पायलट नेमते का? अपंग सर्जनवर तुम्ही विश्वास ठेवाल का? आयएएससारख्या सेवेत फिरती असते, तासन्‌तास राबावं लागतं, लोकांची गाऱ्हाणी समक्ष ऐकावी लागतात. त्याला धडधाकट शरीर लागतं, मग इथे कोटा कशाला? हा युक्तिवाद मला नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला तेव्हा त्याला पुस्तीही जोडलेली होती: “यांचं काम शेवटी दुसऱ्यांनाच करावं लागतं. त्यापेक्षा सरकारने पेन्शन द्यावी आणि आरामात घरी बसू द्यावं.” मी अल्पदृष्टी आहे आणि बँकेत नोकरी करते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी पायलट. अंधाच्या हाती विमान द्या, अशी मागणी कोणी केलेलीच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कोणती पदं कोणाला जमतील हे ठरवायला कलम ३३ आहे आणि चार टक्के जागा राखायला कलम ३४. कामाचं स्वरूप पाहून एखादी आस्थापना त्यातून वगळण्याची तरतूदही त्यातच आहे. सर्जनबद्दल म्हणाल तर ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की अपंगत्वाची टक्केवारी ठरावीक आकड्याच्या वर गेली एवढ्या कारणावरून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येणार नाही. त्याला ते शिक्षण झेपेल का, हे तपासूनच अपंगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळाने मत द्यायचं.

धडधाकट शरीराचा मुद्दा मणक्याच्या विकारामुळे अपंगत्व असलेल्या इरा सिंघल यांना विचारावा. २०१० ची यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा पास होऊनही त्यांना महसूल सेवेत घेतलं नाही. ढकलणं, ओढणं, उचलणं जमणार नाही, हे कारण. त्या केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात लढल्या, जिंकल्या आणि २०१४ च्या परीक्षेत सर्वसाधारण यादीत देशात पहिल्या आल्या. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील सहाव्या वर्षापासून अंध. रेल्वेच्या लेखा सेवेने त्यांना नाकारलं. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला आणि २०१९ मध्ये तिरुअनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या. गाऱ्हाणी ऐकणं हे तर त्यांच्या रोजच्या कामातलंच. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंध उमेदवारांना न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळणारा मध्य प्रदेशचा नियमही रद्द केला.

आता “यांचं काम दुसऱ्यांना करावं लागतं”. हे मला सगळ्यात जास्त लागतं, कारण ते कुठून येतं ते मी रोज पाहते. माझ्या संगणकावर एनव्हीडीए आहे, स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी ते उभं केलं. युनिकोडमधलं मराठी परिपत्रक ते धडाधड वाचतं. तेच परिपत्रक जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेलं असेल, तर माझ्या कानात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं पडतात, कारण त्या फॉण्टमध्ये दिसायला मराठी असलं तरी आत साठवलेली अक्षरं इंग्रजी असतात. कागद स्कॅन करून पाठवला असेल, तर तो नुसता फोटो, एनव्हीडीए गप्प. मग शेजारच्या टेबलावर जाऊन “जरा वाचून दाखवता का?” म्हणावं लागतं. पाहणाऱ्याला वाटतं, हिला येत नाही. टाइप करणाऱ्याने फॉण्ट बदलला असता तर मी खुर्चीवरून उठलेही नसते. अशी सोय करून देणं ही सरकारी आस्थापनेची कायदेशीर जबाबदारी आहे, त्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार.

पहिल्या शाखेत मला कामच देत नसत. “तुम्ही बसा हो मॅडम, आम्ही करतो.” चांगल्या मनाने म्हणायचे, पण पगाराच्या दिवशी मान वर होत नसे. दुसऱ्या शाखेतल्या साहेबांनी आल्या आल्या कर्जाच्या फायली माझ्याकडे दिल्या. व्याजाच्या हिशेबात चूक झाली तेव्हा बाकीच्यांना बोलतात तसंच मलाही बोलले. घरी येऊन मी रडले, आणि दुसऱ्या दिवशी तोच हिशेब पुन्हा करून दिला. तेव्हापासून मला या नोकरीत उपरं वाटलेलं नाही.

राहिली पेन्शन. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना २०२५ पर्यंत महिना १,५०० रुपये मिळत, आता २,५०० झाले आहेत. ज्यांना काम करणं शक्यच नाही त्यांना ते मिळायलाच हवेत, आणखी वाढायला हवेत. पण एवढ्या पैशांत कोणी स्वतःच्या पायावर उभं राहत नाही, भावाच्या नाहीतर मुलाच्या घरात सांभाळूनच राहावं लागतं. आणि “घरी बसू द्या” म्हणता, तर बहुतेक जण बसलेलेच आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांत काम करणारे जेमतेम ३६ टक्के, बायकांमध्ये तर २३ टक्केच. आमच्या घरी फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा वडिलांनी पहिल्यांदा मला विचारलं, कोणता घेऊया. तोवर मी त्या घरातली काळजी होते.

अपंगत्वाच्या खोट्या दाखल्यांवरही त्या व्हॉट्सअ‍ॅप गटात बरंच बोलून झालं. खोटा दाखला लावणाऱ्याने जागा चोरली ती आमचीच. दाखले कसून तपासा, लबाडी सापडली की नेमणूक रद्द करा आणि ती जागा यादीतल्या पुढच्या दिव्यांग उमेदवाराला द्या.