‘गारमेंटवाले उगाच रडतात’ म्हणणाऱ्यांना हडपसरहून उत्तर

गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला: सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या ग्रुपवर आणि शेवटी पुतण्याकडून. पुतण्याने खाली विचारलं होतं, “काका, मग आपण अजून चाळीस मशिनी टाकायच्या का?” त्याच्या या प्रश्नामुळे मी लिहायला बसलो. कर्ज काढून मशिनी घ्यायच्या तर हिशोब खरा पाहिजे, आणि या मेसेजमधला हिशोब खोटा आहे.

मेसेज थोडक्यात असा: ‘कापूस आपला, माणसं आपली, तरी जगात शर्ट बांगलादेशचा विकला जातो. २०२४ मध्ये तिथलं सरकार पडलं, ऑर्डरी आयत्या चालून आल्या, पण आपल्याला घेता आल्या नाहीत. डॉलर नव्वदच्या वर गेला, म्हणजे निर्यातदाराला घरबसल्या फायदा. अमेरिकेचा टॅरिफ तिथला बायर भरतो, आपलं काय जातं? वर सरकार कर परत देतं. कामगार मिळत नाहीत म्हणतात आणि लाखो बायका घरी बसून आहेत. खरं कारण एकच, मराठी माणसाला धंदा जमत नाही.’

चोवीस वर्षं मी या धंद्यात आहे. पुण्यात हडपसरला तयार कपडे शिवायचं साठ मशिनींचं युनिट आहे. निम्मं काम मोठ्या निर्यातदारांचं जॉबवर्क (त्यांचा माल शिवून द्यायचा), थोडी स्वतःची निर्यात आणि उरलेले युनिफॉर्म. त्या जोरावर एकेक मुद्दा घेतो.

‘कापूस आपला.’ आपलाच आहे. पण बायर, म्हणजे परदेशातला खरेदीदार, कापूस घेत नाही, शर्ट घेतो, आणि कापसाचा शर्ट होईपर्यंत किती हात आणि किती दिवस लागतात ते या मेसेजमध्ये कुठेच नाही. विदर्भातला कापूस सरकी काढायला जिनिंगला जातो, गाठी सूतगिरणीत जातात, सूत इचलकरंजीच्या मागावर चढतं. मागावरून उतरतं ते ग्रे कापड. ते धुवून, रंगवून, फिनिश करायला कधी अहमदाबाद, कधी थेट राजस्थानात बालोतऱ्याला पाठवावं लागतं. तिथून ते पुण्यात येतं. मग आम्ही रोल उघडतो, शेड म्हणजे रंगाची छटा बघतो, धुतल्यावर कापड किती आटतं ते (श्रिंकेज) तपासतो. एका लॉटची शेड दुसऱ्याशी जुळली नाही तर कटिंग मास्तर कात्री खाली ठेवतो, आणि त्याचं बरोबरच असतं. खांदा एका शेडचा आणि बाही दुसऱ्या शेडची असला शर्ट कुणी घेत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या एका ऑर्डरचं कापड शेडमुळे परत गेलं आणि बारा दिवस उशिरा आलं. लाइन बसून होती, पगार चालू होते. कापड आल्यावर दोन आठवडे रात्री नऊपर्यंत काम करून माल उरकला, तरी जहाज चुकलं. बायरने सांगितलं, माल एअरने पाठवा, खर्च तुमचा. बोटीने पाठवायच्या मालावर विमानाचं भाडं चढलं की नफा संपतो आणि पदरचे पैसे जातात. त्या ऑर्डरचं नुकसान भरून काढायला मला आठ महिने लागले. कापूस विदर्भात पिकला म्हणून त्यातला एक दिवसही वाचला नाही.

आपला कापूस आपल्याला स्वस्त मिळतो हेही खरं नाही. कापसाचा भाव जगाच्या बाजाराबरोबर हलतो. २०२१ च्या सुरुवातीला खंडीचा भाव पन्नास हजारांच्या आत होता. मे २०२२ मध्ये तो लाखावर गेला. खंडी म्हणजे ३५६ किलो. ज्यांनी जानेवारीच्या सुताच्या भावावर कोटेशन देऊन ठेवलं होतं, ते मे महिन्यात काय करणार होते? त्यात २०२१ च्या अर्थसंकल्पापासून बाहेरच्या कापसावर ११ टक्के शुल्क. ते २०२२ मध्ये काही महिने उठवलं, पुन्हा लागलं, मग १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत पुन्हा उठवलं. यात मी शेतकऱ्याला बोल लावणार नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये असूनही त्याला तो पूर्ण मिळाला नाही, आणि शुल्क उठलं की पहिला फटका त्यालाच बसतो. पण कापूस पिकवणारा आणि कपडा शिवणारा दोघेही अडचणीत असतील, तर ‘कापूस आपला’ या दोन शब्दांनी कुणाचंच भलं होत नाही.

आणखी एक गोष्ट. जगात आज जो धागा वापरला जातो त्यातला मोठा भाग पॉलिस्टर आणि इतर कृत्रिम धाग्यांचा आहे. जॅकेट, खेळाचे कपडे, लेगिंग्ज सगळं त्यातलं. आपण मात्र सुती कपड्यांवर अडून राहिलो. कृत्रिम धाग्याकडे वळायचं म्हटलं तर २०२३ पासून पॉलिस्टर आणि व्हिस्कोसच्या आयातीवर गुणवत्तेच्या सक्तीचे आदेश होते. ते आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये मागे घेतले. मधली दोन-अडीच वर्षं आम्हाला हवा तो धागा हव्या त्या भावात मिळत नव्हता. जीएसटीतही तीच गत होती: कृत्रिम धाग्याच्या तंतूवर १८, सुतावर १२ आणि कापडावर ५ टक्के. कच्च्या मालावर जास्त कर आणि पक्क्यावर कमी. हे २२ सप्टेंबर २०२५ ला एका पातळीवर आलं. चांगलं झालं, पण आठ वर्षांनी झालं.

आता बांगलादेश. हा मुद्दा मेसेजमध्ये सगळ्यात जोरात मांडलाय आणि तोच सगळ्यात कच्चा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे सत्तांतर झालं, कारखाने काही दिवस बंद राहिले, ऑर्डरी इकडे आल्याही. २०२४-२५ मध्ये आपली तयार कपड्यांची निर्यात सुमारे १० टक्क्यांनी वाढून १६ अब्ज डॉलरच्या आसपास गेली. म्हणजे आपण ऑर्डरी घेतल्या नाहीत हे चूक. पण बांगलादेश कोसळला हेही चूकच. त्यांच्या त्याच आर्थिक वर्षात त्यांची निर्यात जवळपास ९ टक्क्यांनी वाढली आणि ३९ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. रस्त्यावर आंदोलन चालू असताना त्यांनी आपल्या दुपटीहून जास्त कपडा विकला.

का? मेहनत कमी-जास्त म्हणून नव्हे. अल्पविकसित देश म्हणून त्यांचा कपडा २००१ पासून युरोपात शुल्काशिवाय जातो. आपल्या कपड्यावर वर्षानुवर्षं साधारण साडेनऊ ते बारा टक्के शुल्क लागत आलं. हे आकड्यात बघा. समजा शर्टाची निर्यात किंमत ६०० रुपये आहे. त्यात कापडच साडेतीनशेच्या घरात जातं, बटणं, इंटरलाइनिंग (कॉलर-कफच्या आतलं कडक अस्तर), लेबल, पॅकिंग असं पन्नास-साठ. शिलाईची मजुरी ऐंशी धरा. युरोपच्या दारात या शर्टावर साठ रुपये शुल्क लागलं आणि शेजारच्या शर्टावर शून्य, तर मी माझ्याकडे काम करणाऱ्या बायकांची मजुरी निम्मी केली तरी तो फरक भरून निघत नाही. आणि मजुरी मी निम्मी करणार नाही.

शुल्काखेरीज त्यांची एक जुनी शिस्तही आहे. १९७८ मध्ये तिथल्या देश गार्मेंट्सने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १९७९ मध्ये सुमारे १३० माणसं शिकायला कोरियाला पाठवली. ती परत आली आणि पुढे त्यातल्या अनेकांनी स्वतःचे कारखाने काढले. बाहेरून आणलेलं कापड शुल्काशिवाय गोदामात ठेवायची सोय आणि बायरच्या एलसीवर (पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्रावर) कापडाची एलसी काढायची सोय त्यांना तेव्हापासून मिळाली. म्हणजे खिशात भांडवल नसलं तरी ऑर्डर घेता येते. आपल्याकडे त्याच काळात तयार कपडे लघुउद्योगासाठी राखीव होते, २००० च्या वस्त्रोद्योग धोरणापर्यंत. कारखान्याची शेड वाढवायची नाही, मशिनी वाढवायच्या नाहीत, असाच तो नियम होता. त्यांच्याकडे एका छताखाली दोन-तीन हजार माणसं काम करतात. आपल्याकडे माझ्यासारखी साठ-साठ मशिनींची युनिटं. दीड लाख शर्टांची ऑर्डर घेऊन बायर माझ्या दारात येत नाही.

त्यांच्या स्वस्ताईची किंमतही सांगितली पाहिजे. २४ एप्रिल २०१३ ला राना प्लाझा कोसळला आणि ११०० हून अधिक माणसं गेली. डिसेंबर २०२३ पासून तिथलं किमान वेतन महिना १२,५०० टका आहे, आपल्या नऊ-साडेनऊ हजारांच्या आसपास. ‘त्यांच्यासारखं व्हा’ म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं.

‘टॅरिफ बायर भरतो.’ कागदावर भरतो. २७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने आपल्या मालावरचं जादा शुल्क ५० टक्के केलं. बांगलादेश आणि व्हिएतनामवर तेव्हा २० होतं. आदल्या दिवसापर्यंत जहाजावर चढलेल्या मालाला सूट होती, पण तो १७ सप्टेंबरच्या आत तिथे उतरला तर. म्हणजे तीन आठवडे. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या होत्या. न्हावाशेव्याहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचायलाच त्याहून जास्त दिवस लागतात. मी ज्यांचं जॉबवर्क करतो त्यांना बायरचा फोन आला, “शुल्क अर्धं अर्धं वाटून घेऊ, नाहीतर ऑर्डर थांबवू.” माल शिवून तयार असताना तुम्ही काय कराल? त्यांनी मान्य केलं, आणि मग माझ्या शिलाईच्या दरात नऊ रुपये कमी केले. वॉशिंग्टनमध्ये सही झाली आणि हडपसरला ओव्हरलॉक मशिनवर बसणाऱ्या बाईचा ओव्हरटाइम गेला. बायर भरतो म्हणणाऱ्यांनी तिच्याकडे बघून बोलावं.

रुपयाबद्दल फार लिहीत नाही. झिपर, काही बटणं, चांगलं इंटरलाइनिंग, मशिनचे सुटे भाग डॉलरमध्येच येतात. आणि रुपया घसरला की बायर त्याच आठवड्यात डिस्काउंट मागतो. तोही पेपर वाचतो.

‘सरकार परत देतं’ यात एक शब्द चुकलाय. आरओएससीटीएल नावाने मिळतो तो आमच्याच खिशातून विजेवर, डिझेलवर, इतर ठिकाणी आधीच गेलेला राज्य आणि केंद्राचा कर. तोही रोख मिळत नाही, स्क्रिप मिळते, म्हणजे आयात शुल्क भरायला चालणारं, विकता येणारं क्रेडिट. ती विकायची तर दोन-तीन टक्के कमी घ्यावे लागतात. छोट्या निर्यातदारांना व्याजात ३ टक्के सवलत होती, ती ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाली. पीएलआय (उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन) योजना १०,६८३ कोटींची आहे, पण तिच्यात यायला किमान गुंतवणूक १०० कोटी लागायची, ऑक्टोबर २०२५ मध्ये ती ५० कोटींवर आणली. आमच्या पूर्ण इस्टेटमध्ये तेवढी कुणाची नाही.

देशातल्या बाजाराचं दुखणं वेगळं. २०२४ पासून आयकराच्या ४३बी(एच) कलमामुळे लहान उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेच लागतात, नाहीतर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. कायदा आमच्या भल्यासाठी आहे, आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण मार्च २०२४ मध्ये एका मोठ्या दुकानदाराने माझे अकराशे शर्ट परत पाठवले, वर्षअखेरीला देणं दिसायला नको म्हणून. एप्रिलमध्ये पुन्हा मागवले, आणि भाव पाडून मागवले.

आता कामगार. हा मुद्दा मला मनाला लागला. बायका घरी बसून आहेत, हे कोण म्हणतंय? माझ्याकडे फुरसुंगीहून, मांजरीहून, गोंधळेनगरहून बायका येतात. सकाळी साडेपाचला उठून डबे करून, पीएमपीची बस पकडून, नऊला मशिनवर. नवी बाई सिंगल निडलवर सरळ शिलाई मारायला आठवड्यात शिकते, पण कॉलर आणि कफ हाताला यायला तीन महिने जातात. ते तीन महिने मी पगार देतो आणि ती शिकते. मग मगरपट्ट्यात हाउसकीपिंगला, मॉलमध्ये किंवा दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्यांच्या गोदामात पॅकिंगला हजार-दोन हजार जास्त मिळतात आणि ती जाते. मी तिला दोष देत नाही. घरभाडं, मुलाची फी तिलाच भरायची आहे. पण सहाशे रुपयांच्या शर्टात तिला द्यायला माझ्याकडे ऐंशीच्या वर जागा नाही, आणि ती जागा कुठे गेली ते वर सांगितलं.

आणि ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने इचलकरंजीत रात्री उभं राहून मागांचा आवाज ऐकावा. सोलापुरात जावं, चादर आणि टॉवेलच्या त्या गावाने शाळेच्या युनिफॉर्मचा एवढा धंदा उभा केला की बाहेरच्या राज्यांतले व्यापारी तिथे माल घ्यायला येतात. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कमध्ये सकाळच्या पाळीला आसपासच्या गावांतल्या किती बायका आत जातात ते गेटवर थांबून मोजावं. मग पुन्हा हे वाक्य लिहावं.

पुतण्याला मी कळवलंय: चाळीस नको, बारा घे. त्यातल्या चार कॉलर-कफच्या घे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झालाय, त्यात आपल्या कपड्यावरचं शुल्क शून्यावर आणायचं ठरलंय. बांगलादेश नोव्हेंबर २०२६ मध्ये अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे, तरी युरोप त्यांना आणखी तीन वर्षं सवलत देणार आहे. तेवढ्या वेळात बायका शिकवून तयार करायच्या, आणि कापड वेळेवर रंगवून देणारा एक प्रोसेसवाला पक्का करायचा. सोमवारी आम्ही दोघं इचलकरंजीला निघतोय.