हर्निया आणि मूळव्याध: 'एकच दुखणं' हा दावा कुठे कुठे चुकतो

सध्या गोव्यातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतोय: 'हर्निया आणि मूळव्याध एकाच रोगाची दोन रूपं. उष्णतेने आतडं खाली सरकतं; पुढे आलं तर हर्निया, मागे आलं तर मूळव्याध. चाळीस दिवस सुरण खा, पट्टा बांधा, कापाकापी टाळा.' एकेक वाक्य घेऊ.

'आतडं खाली सरकतं.' हर्नियापुरतं हे बरंचसं बरोबर. पोटाच्या भिंतीतल्या कच्च्या जागेतून आतडं किंवा चरबी कातडीखाली येते, बहुधा जांघेत, कधी बेंबीशी किंवा जुन्या ऑपरेशनच्या व्रणापाशी. खोकलं की फुगवटा दिसतो, आडवं झालं की बहुतेक वेळा आत जातो. मूळव्याधीत आतडं सरकतच नाही. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात. त्या सुजल्या, घसरल्या की मूळव्याध. शौचाला लालभडक रक्त पडतं, पण बहुधा दुखत नाही. काच फिरल्यासारखं दुखत असेल तर ते फिशर, म्हणजे गुदद्वाराशी पडलेली चीर, असण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे त्यालाही सर्रास मूळव्याधच म्हणतात.

'उष्णतेने होतं.' नाही. बिचाऱ्या हुमणाच्या, म्हणजे माशांच्या आमटीच्या, तिखटावर खापर फोडू नका. दोन्हींत समान धागा आहे तो पोटातल्या दाबाचा: बद्धकोष्ठ, कुंथणं, गरोदरपण, जड उचलणं. गल्लत बहुधा इथूनच झाली असावी. पण मासेमारीची रापण ओढणाऱ्याच्या जांघेत गाठ आली आणि त्याला शौचाला रक्तही पडू लागलं, तर ती दोन दुखणी, तपासणीही दोन.

'चाळीस दिवस सुरण खा.' खा की! तंतुमय भाजी आणि भरपूर पाणी यांनी शौच मऊ होतं, मूळव्याधीला आराम पडतो. हर्नियाचं भोक त्याने बुजत नाही. माझी हरकत त्या चाळीस दिवसांना आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडतं. पन्नाशीच्या आसपास रक्त दिसलं, वजन घटलं, शौचाची सवय बदलली, तर सुरण शिजवत बसू नये, तपासून घ्यावं.

'कापाकापी टाळा.' मूळव्याधीत ती बहुतेकांना लागतच नाही. आतल्या मोडांना रबर बँड लावूनही भागतं. तान्ह्या मुलांचा बेंबीचा हर्निया बहुधा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप मिटतो. मोठ्या माणसाचा मिटत नाही. पुरुषाच्या जांघेतला लहान, न दुखणारा हर्निया डॉक्टर काही काळ नुसता नजरेखाली ठेवतात. बायकांच्या मांडीच्या मुळाशी येणारा मात्र अडकण्याचा धोका मोठा, म्हणून त्यात चालढकल नको. शस्त्रक्रियेत बहुधा कच्च्या जागेवर जाळी बसवतात.

'पट्टा बांधा.' साऱ्या मजकुरात मला हेच सगळ्यात घातक वाटतं. मूळव्याधीत पट्ट्याचा काडीचा उपयोग नाही. हर्नियात तो फुगवटा दाबून धरतो, भोक तसंच राहतं, आणि सगळं ठीक आहे असं वाटून माणूस डॉक्टरकडे जायचं टाळतो. आतडं त्या भोकात अडकलं की त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. फुगवटा आत जाईना, कडक झाला, दुखू लागला, वर उलट्या, पोट फुगलेलं, वायूही सरत नाही, अशा वेळी तो बळंच आत ढकलू नका, मलम चोळू नका, काही खायला-प्यायला देऊ नका. 108 ला फोन करा किंवा थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.