गाणी? विकत?

बँकेतल्या मॅडमनी "कार्डावर इंटरनॅशनल कशाला हवंय, सर?" असं विचारलं, तोवर सगळं ठीक चाललं होतं. मी हळूच "गाणी घ्यायचीत" म्हणालो. पासबुक छापणाऱ्या मशीनच्या करकरीत त्यांना ऐकू गेलं नाही. मग मी मोठ्यानं म्हणालो, आणि मशीननं नेमका तोच मुहूर्त साधून कागद अडकवला. शाखेत शांतता. अख्ख्या कोथरूडला कळलं.

"गाणी?" मॅडम म्हणाल्या. "विकत?"

एका तरुण सारंगीवादकाचा अल्बम बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या अमेरिकी साइटवर सापडला होता. सात डॉलर. फ्लॅक फाइल, म्हणजे सीडीतलं काही न गाळता. एकदा उतरवून घेतली की कायमची आपली. कार्डाचा नंबर टाकला, व्यवहार नाकारला. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, आपण चालू करायचे. नियम चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या ॲपमधलं ते बटण दाबलं की हिरवं होतं, आणि आपण जरा नजर वळवली की परत राखाडी. खाली बारीक ओळ : कृपया शाखेशी संपर्क साधा. साधला.

माझ्या मागे एक काका उभे होते. त्यांचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत, आणि कापडी पिशवी छातीशी.

"कसली गाणी?"

"सारंगी आहे, काका."

"कॅसेट?"

"नाही. फाइल असते. इंटरनेटवरून उतरवायची."

"म्हणजे घरी काय येणार?"

"घरी... तसं काही येत नाही."

"पावती?"

"ईमेलवर."

"म्हणजे तीही येणार नाही." काका मागच्या गृहस्थांकडे वळले. "सहाशेच्या वर देतायत हे. वस्तू नाही, पावती नाही."

"फसवतात हो," मागचे म्हणाले. "आमच्या साडूंना असंच केलं. त्यांचं लाइटबिल होतं."

हे ऐकून दारावरचे सिक्युरिटीवाले जवळ आले. मॅडमचा सूर बदलला, लहान मुलाशी बोलावं तसं त्या म्हणाल्या, "सर, हे घ्यायला तुम्हाला कोणी फोन करून सांगितलंय का? आत्ता कोणी लाइनवर आहे का?" माझ्या हातात फोन होता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मी तो उलटासुलटा करून दाखवला. खरंच दाखवला! गाण्याचे पैसे भरणाऱ्या माणसाची ही झडती. फुकट उतरवून घेणाऱ्याला आजवर कोणी हटकल्याचं ऐकिवात नाही.

काकांचं मात्र संपलं नव्हतं. "यूट्यूबवर फुकट असतं ना सगळं?"

"यांचं नाहीये."

"मग दुसऱ्याचं ऐका."

"अहो, वाजवणाऱ्याला चार पैसे मिळावेत म्हणून..."

"कुठला आहे वाजवणारा?"

"इथलाच. वारज्याला राहतो."

काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "म्हणजे वारज्याला सहाशे रुपये पोचवायला तुम्हाला डॉलर लागतात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही, आणि तेच जास्त टोचतंय. कर्वे रोडला अलूरकर म्युझिक हाऊस होतं तेव्हा पैसे कर्वे रोडवरच द्यायचे. मग फ्लिपकार्टनं २०१२ साली फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं आणि २०१३ मध्ये बंद केलं. एक कारण फुकट्यांचं, दुसरं असं की दहा-पंधरा रुपये ऑनलाइन देणं तेव्हा सोपं नव्हतं. आता लोक यूपीआयवर कोथिंबिरीची जुडी घेतात. वारज्याच्या सारंगीसाठी मात्र कॅलिफोर्नियाला वळसा, बँकेचा परकीय चलनाचा आकार, आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी.

भाड्यानं ऐका म्हणतात, म्हणजे स्ट्रीमिंग. ऐकतो. महिन्याच्या महिन्याला पैसे भरून जमवलेल्या यादीतला राग मारवा एक दिवस राखाडी होतो. का झाला, विचारायचं कोणाला? आणि तबल्यावर कोण होतं? पेटी कोणाची? कॅसेटच्या आत घड्या घातलेला बोटभर कागद असायचा, त्यावर सगळ्यांची नावं असायची, तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्याचंसुद्धा. आता कलाकाराच्या जागी निम्म्या वेळा 'विविध कलाकार' असतं. १९०२ साली गायिका गौहरजान कलकत्त्यात तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी गायल्या आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव ओरडून सांगितलं, कारण तबकड्या छापायच्या जर्मनीत हानोव्हरला, तिथल्यांना गाणारी कोण ते कळायला हवं. आजच्या तबलजींनीही तिहाई संपली की ओरडावं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

असो. फॉर्ममध्ये 'कारण' असा रकाना होता. मॅडमनी बराच वेळ यादी खालीवर केली. "गाणी असा ऑप्शनच नाहीये, सर. शिक्षण टाकते." वरून "चोवीस तासांत होईल" असं आश्वासन. झालंही, मान्य करतो. अल्बम आला. सारंगी अशी काही वाजवली आहे की दुसऱ्या दिवशीही बोलायची इच्छा होऊ नये.

पण काकांनी पार्किंगमध्ये गाठून माझा नंबर घेतला होता. "ते सारंगीचं आलं की मला व्हॉट्सॲप करा. पैसे तुम्ही भरलेतच आहेत." तेव्हापासून रोज सकाळी सहाला सुविचार येतो, गुलाबासकट, आणि त्याच्याखाली एकच शब्द : सारंगी?

मी अजून पाठवलेली नाही. वारजे काही लांब नाही, जा म्हणावं.