दर लाखाचा आकडा आणि घरापर्यंतची वाट

नव्या शहरात वस्ती निवडताना दर लाख लोकसंख्येमागे गुन्हे किती तेवढं पाहा, असा सल्ला एका लेखात वाचला. इथेच मोठी गफलत होते. भागाकार तिथे राहणाऱ्यांच्या संख्येने होतो, रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांचा हिशेब त्यात नसतो. समजा, स्टेशनजवळच्या भागात रहिवासी 2 हजार, वर्दळ 50 हजारांची आणि वर्षात 100 पाकीटमाऱ्या झाल्या. दर निघतो लाखामागे 5 हजार! राहायला ती गल्ली वाईट असेलच असं नाही. म्हणून घरफोडी आणि रस्त्यावरची लूट वेगळी काढा, गुन्हे कोणत्या वेळी होतात ते बघा, निदान 3 वर्षांचे आकडे घ्या.

मग प्रत्यक्ष जा. तुमची परतायची जी वेळ, त्याच वेळी स्टॉपपासून दारापर्यंत चालत. दिव्यांचे खांब मोजून भागत नाही. फांद्यांनी झाकलेल्या दिव्याचा उजेड खाली पोचतच नाही. समोरून येणाऱ्याचा चेहरा दहा-बारा पावलांवरून दिसायला हवा. एका बाजूला लांबलचक कंपाउंडची भिंत आणि तिकडे एकही खिडकी उघडत नसेल, तर दुसरी वाट आहे का ते आधी शोधा.

घर बघताना कुलपाइतकीच चौकटही तपासा. कडी ज्या पट्टीत अडकते तिचे स्क्रू अर्ध्या इंचाचे असतील, तर कुलूप शाबूत राहतं आणि लाथेने पट्टीच उपटून येते. 3 इंची स्क्रू लावून घ्या. ताबा मिळताच कुलपाचं सिलिंडर, म्हणजे चावी जाते तो भाग, बदला, कारण आधीच्या भाडेकरूंनी किती चाव्या करून घेतल्या हे बहुतेकदा घरमालकालाही माहीत नसतं.